पगाराची पत्रिका



संपादकांचा निरोप होता, "ताई, स्मरणिकेसाठी काहीतरी हलकंफुलकं लिहा." मी हो म्हटलं. विषयांना काय तोटा! ट्यूबमधल्या गमती, इथल्या थंडीत काही केल्या न फुगणारं इडलीचं पीठ, आपल्या मुलांचं 'मी भाजी नको खातो' छाप मराठी... पण लिहायला बसले की डोळ्यांपुढे एकच एक्सेल शीट यायला लागली. ती शीट मीच तयार केलेली आहे. त्यामुळे हा लेख थोडा भांडखोर झाला आहे, आणि त्यातलं निम्मं भांडण माझं माझ्याशीच आहे. तेव्हा मधेच राग आला तरी पान उलटू नका. शेवटपर्यंत वाचा आणि मग काय ते बोला.

तर झालं असं. गेल्या वर्षीच्या वधू-वर मेळाव्याचं नोंदणीचं काम माझ्या गळ्यात पडलं. "तू आयटीतली ना, मग तूच कर!" मंडळात आयटीवाल्या माणसाने प्रोजेक्टरची वायर शोधण्यापासून नाटकाच्या तिकिटांपर्यंत सगळं करायचं असतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. फॉर्ममधे नाव, जन्मतारीख, उंची, गाव, शिक्षण, नोकरी आणि सातव्या क्रमांकावर 'वार्षिक उत्पन्न (पौंडांत)' असे रकाने होते. जातीचा रकाना नव्हता. तो काही वर्षांपूर्वी आम्ही ठराव करून काढून टाकला. त्या दिवशी समितीतल्या एका काकांनी छोटंसं भाषण केलं होतं आणि आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. मीही वाजवल्या होत्या.

मेळाव्याच्या आठवडाभर आधी एका काकूंचा फोन आला. "अगं, एवढी नावं कोण वाचत बसणार? जरा फिल्टर टाक ना. आपल्या तोलामोलाची स्थळं पालकांना पटकन सापडली पाहिजेत." मी टाकला. शिक्षणाचा एक आणि उत्पन्नाचा एक. पाच मिनिटांचं काम! काकू खूश, पालक खूश, मीही खूश.

मेळाव्याला एक मुलगी आली होती. नाव सांगत नाही. नर्सरीत काम करते, म्हणजे आपण ऑफिसला जाताना आपली लहान मुलं जिथे सोडतो तिथे. शाळा संपल्यावर तिने बालसंगोपनाचा कोर्स केला आणि कामाला लागली. मराठी तर असं बोलते की आपल्या ग्रॅमर स्कूलमधल्या पोरांनी तिच्याकडे शिकवणीला जावं. पण तिचा पगार बेताचा आणि नावापुढे पदवी नाही. त्यामुळे मी घातलेले दोन्ही फिल्टर लावले की तिचं नाव यादीतून नाहीसं व्हायचं. सबंध दिवसात तिच्याबद्दल विचारायला एकही पालक टेबलापाशी आला नाही. दुपारी जेवणं चालू असताना दोन-तीन बायकांची किरकिरी मुलं तिनेच खेळवली, कारण ती तिच्याकडे गेल्यावर रडायची थांबत होती. संध्याकाळी खुर्च्या रचायलाही थांबली. जाताना मला म्हणाली, "ताई, कार्यक्रम छान झाला."

मला काही उत्तर सुचलं नाही. माझी स्वतःची मुलगी दहा महिन्यांची असल्यापासून आठवड्याचे पाच दिवस, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, अशाच एका मुलीच्या कडेवर वाढली. ती मुलगी होती म्हणून मी नोकरी करू शकले आणि आमच्या घरात दोन पगार आले. आणि तिच्यासारखीला यादीतून पुसून टाकणारं बटण मीच बनवलं!

यावर आमचे 'हे' म्हणाले, "तू उगाच मनाला लावून घेतेस. प्रत्येकजण आपल्यासारखाच जोडीदार शोधतो. त्यात कोणाचं काय नुकसान?" प्रश्न रास्त आहे. आयटीतली असल्यामुळे त्याचं उत्तर आधी आकड्यांत देते.

चार माणसं घ्या. दोघांचा पगार वर्षाला ६०-६० हजार पौंड, दोघांचा २५-२५ हजार. (आकडे सोयीसाठी घेतले आहेत, कोणी आपल्या पे-स्लिपशी ताडून पाहू नयेत!) आता यांची लग्नं लावा. साठवाल्याने पंचविसवालीशी केलं आणि साठवालीने पंचविसवाल्याशी, तर दोन्ही घरांत ८५-८५ हजार येतात. पण साठने साठशी आणि पंचविसने पंचविसशी केलं, तर एका घरात १२० हजार आणि दुसऱ्यात ५०. चौघं तीच, कामं तीच, एकूण रक्कम तीच १७० हजार. कोणाचा पगार एका पेनीने वाढला नाही की कमी झाला नाही. फक्त जोड्या बदलल्या, आणि सारख्या दोन घरांच्या जागी एक घर दुसऱ्याच्या दुपटीहून वर गेलं.

गोष्ट इथे थांबत नाही. घर घ्यायला गेलात की बँक दोघांचे पगार एकत्र धरून साधारण साडेचार पट कर्ज देते. १२० हजारांवर पाच लाख चाळीस हजार, ५० हजारांवर दोन लाख पंचवीस हजार. पहिलं घर चांगल्या शाळेच्या हद्दीत येतं, दुसरं येत नाही. पहिल्या घरात चौथीपासून 'इलेव्हन प्लस'ची शिकवणी, दुसऱ्या घरात ती फी परवडत नाही. मग पहिल्या घरातलं मूल परीक्षेत पहिलं येतं आणि आपण स्टेजवर बोलावून त्याचा सत्कार करतो. मूल हुशार असतंच, त्याने कष्टही केलेले असतात, याबद्दल वाद नाही. पण ते धावायला लागलं ती रेघ कितीतरी पुढे आखलेली होती, हे सत्काराच्या भाषणात कोणी सांगत नाही.

सरकारी नियमही या दोन पगारांच्या घराला बरेच धार्जिणे आहेत. चाइल्ड बेनिफिटचंच पाहा. एप्रिल २०२४ मधे बदललेल्या नियमानुसार आई-बापांपैकी ज्याची कमाई जास्त, तिच्यावरच हिशेब होतो. ६० हजारांच्या पुढे कपात सुरू आणि ८० हजारांना सगळा बेनिफिट परत. म्हणजे नवरा-बायको दोघं ५९-५९ हजार मिळवत असतील, तर घरात एक लाख अठरा हजार येऊनही पूर्ण बेनिफिट. आणि एकटाच ८० हजार मिळवत असेल तर शून्य. इंग्लंडमधे नर्सरीचे आठवड्याचे ३० तास मिळतात तेही दोघं कामावर असतील तर, आणि प्रत्येकाची कमाई एक लाखाच्या आत असेल तर. दोघं ९९-९९ हजारवाले असले तरी चालतं. पण एकजण आजारी सासऱ्यांची देखभाल करायला नोकरी सोडून घरी बसला आणि त्याला देखभालीचा सरकारी भत्ताही मिळत नसला, तर ते तास गेले. मी हे फायदे घेतलेले आहेत, कायदेशीर घेतलेले आहेत. मला फक्त एवढंच म्हणायचंय की 'आम्ही जे मिळवलं ते केवळ आमच्या कष्टांवर' असं म्हणताना जरा जीभ चावायला हवी.

आता पहिला आक्षेप. तो बहुतेक बायकांकडूनच येणार आणि यायलाच हवा. "म्हणजे काय, मुलींनी शिकू नये? शिकून नोकरी सोडावी?" अजिबात नाही! मी इथे २००४ साली एम.एस्सी. करायला आले ती परत जाऊन पोळ्या लाटायला नव्हे. महर्षी कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढलं, त्या परंपरेतल्या आपण मुली. बाईच्या हातात तिचा स्वतःचा पगार असणं ही गेल्या शंभर वर्षांतली फार मोठी कमाई आहे आणि ती सोडायची नाही. उलट, कमी पगाराच्या घरात बाई कामाला लागली की विषमता कमीच होते. साठवाल्याची बायको घरी आणि पंचविसवाल्याची बायकोही पंचवीस मिळवणारी, तर ६० आणि ५०. फार अंतर उरत नाही. अंतर वाढतं ते जास्त पगारवाला फक्त जास्त पगारवालीशीच करतो तेव्हा. दोष बाईच्या नोकरीचा नाही, गाळणीचा आहे.

दुसरा आक्षेप. "शिकलेल्यांची गाठ शिकलेल्यांशीच पडणार. कॉलेजात, ऑफिसात भेटतात ते तसेच असतात." खरं आहे. १९६३ साली या देशात रॉबिन्स समितीचा अहवाल आला, तेव्हा विद्यापीठात जाणारी तरुण मुलं शंभरात चार होती. आता साधारण निम्मी मुलं उच्च शिक्षणाला जातात. तिथे ती एकमेकांच्या प्रेमात पडणारच. मी आणि माझा नवरा लायब्ररीतच भेटलो, एका फोटोकॉपी मशीनवरून भांडलो आणि मग लग्न केलं. कोणी कोणाच्या प्रेमात पडावं यावर मी लेख लिहीत नाहीये. माझं भांडण आपण मुद्दाम बसवतो त्या गाळणीशी आहे. प्रेमाला निदान डोळे नसतात असं म्हणतात. आपल्या फिल्टरला भरपूर डोळे आहेत आणि ते सगळे पे-स्लिपवर आहेत.

तिसरा आक्षेप अभ्यासू मंडळींचा. "लग्नांमुळे देशातली विषमता वाढते हे सिद्ध झालंय का?" प्रामाणिकपणे सांगते, माझी चार माणसांची गोष्ट जितकी सरळ आहे तितका खरा देश सरळ नाही. लासे आइका, मॅग्ने मोगस्टाड आणि बसित झफर या अर्थतज्ज्ञांनी अमेरिका, ब्रिटन, जर्मनी, डेन्मार्क आणि नॉर्वे या देशांची आकडेवारी तपासून २०१९ साली एक निबंध प्रसिद्ध केला. लोक आपल्याइतकंच शिकलेल्याशी लग्न करतात आणि कोणत्याही एका वेळी घराघरांतल्या विषमतेचा दुर्लक्ष करण्याजोगा नसलेला एक भाग त्यातून येतो, असं त्यांना दिसलं. पण वर्षागणिक विषमतेत जे बदल झाले त्याला लग्नांच्या पद्धतीतला बदल फारसा कारण नाही, असंही त्यांनी सांगितलं. त्यापेक्षा पदवीला किती मोल मिळतं, म्हणजे शिकलेल्या आणि न शिकलेल्या माणसाच्या पगारात किती दरी आहे, हे जास्त महत्त्वाचं. ब्रिटनचंच बघा. इथल्या घरांच्या उत्पन्नातली विषमता मोजणारा गिनी निर्देशांक (शून्य म्हणजे सगळे सारखे, एक म्हणजे सगळं एकाच्याच घरात) १९७९ च्या सुमारास ०.२५ च्या आसपास होता आणि १९९० पर्यंत ०.३४ च्या आसपास पोहोचला. दहा-अकरा वर्षांत काही सगळ्या देशाने लग्नाची रीत बदलली नव्हती. पगार फाकले, संघटना खिळखिळ्या झाल्या, कर बदलले, कारखाने बंद पडले.

मग माझा मुद्दा संपला का? नाही, तो जास्त पक्का झाला. पगारांतली दरी लग्न निर्माण करत नाही, पण असलेली दरी प्रत्येक घरात दुप्पट करून ठेवतं. नर्सरीतल्या मुलीला आणि माझ्यासारख्या कन्सल्टन्टला मिळणाऱ्या पैशांत एवढं अंतर नसतं, तर कोणी कोणाशी लग्न केलं याने काही बिघडलं नसतं. म्हणून 'आम्ही कोणाशी लग्न करावं हा आमचा खासगी प्रश्न' असं म्हणणाऱ्यांनी निदान पगारांच्या दरीचा प्रश्न तरी सार्वजनिक मानावा. पण होतं काय? नर्सरीची फी वाढली की आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन दिवस दंगल. त्या मुलींचा पगार किती, हा प्रश्न त्या दोन दिवसांत एकदाही कोणी विचारत नाही. मीही विचारला नव्हता.

आता थोडं आपल्या घरातलं. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मधे लंडनमधे १०, किंग हेन्रीज रोड इथे राहिले. ते घर २०१५ साली महाराष्ट्र सरकारने विकत घेतलं. भारतातून पाहुणे आले की आपण त्यांना तिथे घेऊन जातो आणि दारात फोटो काढतो. त्याच्या आधी, ९ मे १९१६ रोजी, पंचविशीतल्या बाबासाहेबांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात भारतातल्या जातींवर एक निबंध वाचला होता. जात कशाने टिकते, या प्रश्नाचं त्यांचं उत्तर होतं: आपापसातच लग्नं करण्याने. बाकीचे रीतिरिवाज त्याभोवती येतात, कळीचा भाग हा. कर्व्यांचं विद्यापीठ आणि हा निबंध, दोन्ही १९१६ चीच. पहिलं आपण मनापासून उचललं. दुसऱ्याच्या दारात फोटो काढले.

"पण आपण तर जातीचा रकाना काढून टाकला!" हो, काढला. आणि त्याच्या शेजारी उत्पन्नाचा होता तो तसाच ठेवला. पदवीची जात ही जन्माच्या जातीइतकी क्रूर आहे असं मी म्हणत नाही. तिच्यात अस्पृश्यता नाही, पाणवठा बंद नाही, आणि रात्रशाळेत जाऊन ती बदलताही येते. जातीचे चटके सोसलेल्यांसमोर असली तुलना सरसकट करणं आगाऊपणाचं होईल. पण यंत्र तेच आहे. आपल्यातच द्यायचं, आपल्यातलंच करायचं, आणि दोन-तीन पिढ्यांनी ही उतरंड निसर्गानेच रचली असं समजायचं.

गंमत म्हणजे, जुन्या काळी जातीच्या भिंती असल्या तरी त्या भिंतींच्या आत पगारांची सरमिसळ होती. माझे वडील सांगलीला बँकेत होते. आई मॅट्रिक. काका शेती करायचे, आत्याचे यजमान एस.टी.त कंडक्टर, मावशीचे यजमान डॉक्टर. दिवाळीला सगळे एका पंगतीत. काकांचा ऊस वाळला की आमच्या घरात कळायचं, आत्याकडे शाळेची फी भरायची असली की बाबांच्या पगारातून परस्पर जायची. त्या काळाचे गोडवे मी गात नाही. आईला शिकायचं होतं, ते राहिलंच. पण लग्नाच्या नात्याने पैसा आणि काळजी दोन्ही वरून खाली वाहायची.

आज माझ्या मुलीच्या नात्यात बघा. काका सॉफ्टवेअरमधे, काकू फार्मसिस्ट, मामा-मामी दोघं डॉक्टर, मावशी अमेरिकेत डेटा सायंटिस्ट आणि तिचा नवराही तोच. सगळी गुणी माणसं! पण तिच्या जवळच्या नात्यात महिनाअखेर पैसे संपतात असा एकही माणूस नाही. तिला गरिबी भेटते ती बातम्यांत आणि शाळेच्या फूड बँकेच्या खोक्यात. मला विषमतेच्या आकड्यापेक्षा याची जास्त भीती वाटते. ज्यांच्याशी आपलं नातं नाही त्यांच्यासाठी कोण कर भरायला तयार होतो? कोण आपल्या खिशाविरुद्ध मत देतो?

आणि बंद दार म्हणजे काय, हे आपल्याला माहीत नाही असं नाही. आपण त्याच्या बरोबर समोर उभे राहून आत आलो. २००६ साली माझ्या नवऱ्याने एच.एस.एम.पी.चा अर्ज भरला. ६५ गुण लागायचे. त्याच्या पदव्युत्तर पदवीचे २५, पगाराचे, अनुभवाचे, आणि... बायको पदवीधर असल्याचे १०! (ही जोडीदाराच्या गुणांची सोय त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमधे गेली.) आम्ही तेव्हा खूप हसलो होतो. "बघ, माझ्यामुळे तुला व्हिसा मिळाला!" हे मी आजही ऐकवते. पण हसून झाल्यावर विचार करा. शिकलेल्याने शिकलेलीशी लग्न केलं म्हणून सरकारने शाबासकीचे गुण दिले.

आता दुसरी बाजू. फेब्रुवारी २०२२ मधे वृद्धांची सेवा करणाऱ्या केअर वर्करना परदेशातून येण्यासाठी व्हिसा खुला झाला. ११ मार्च २०२४ पासून नव्याने येणाऱ्या केअर वर्करना नवरा, बायको, मुलं सोबत आणायला बंदी आली. २२ जुलै २०२५ पासून तर परदेशातून नवे केअर वर्कर आणणंच बंद झालं. आणि जे इथले नागरिक आहेत त्यांचं काय? परदेशातून जोडीदार आणायचा तर २०१२ पासून वर्षाला १८,६०० पौंड कमाई दाखवावी लागायची. ११ एप्रिल २०२४ पासून नव्या अर्जांसाठी ती २९,००० झाली. किमान वेतनावर आठवड्याला साडेसदतीस तास राबणाऱ्याची वर्षाची कमाई पंचवीस हजारांच्याही आत राहते. म्हणजे आपल्या फॉर्ममधला सातवा रकाना आता सरकारही विचारतं. आमच्या मेळाव्यातल्या त्या मुलीने उद्या सांगलीच्या एखाद्या मुलाशी लग्न ठरवलं, तर तिच्या पगारावर तो इथे येऊ शकेलच असं नाही. ज्या हातांवर आपली मुलं आणि इथले म्हातारे आई-बाप सोपवायचे, त्या हातांना स्वतःचा संसार मांडायला मात्र पगाराची अट. यावर आपल्या एकाही मंडळाच्या सभेत चर्चा झालेली मी ऐकली नाही. व्हिसाची फी वाढली की मात्र आपण सह्यांची मोहीम काढतो.

"अहो, पण आम्ही गुणवत्तेवर आलो!" हे वाक्य माझ्याही तोंडी असतं. 'मेरिटॉक्रसी' हा शब्द रूढ केला तो मायकेल यंग या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने, १९५८ सालच्या पुस्तकात. आणि मंडळी, ते पुस्तक उपहासाने लिहिलेलं होतं! गुणवंतांचं राज्य आलं की वरचे लोक आपल्या यशाला हक्क समजायला लागतील आणि खालच्यांना 'तुमची लायकीच तेवढी' असं ऐकावं लागेल, असा तो इशारा होता. लोकांनी इशाऱ्याचंच ध्येयवाक्य केलं. यंग यांनी २००१ साली वर्तमानपत्रात लेख लिहून याबद्दल तक्रारही केली. आपण तर त्याच्या पुढे गेलो. आपण त्याचं एक्सेल केलं.

आता तुम्ही मला विचारणार, आणि आमच्या 'ह्यां'नी विचारलंच, "उद्या आपल्या पोरीने बॉयलर दुरुस्त करणारा मुलगा आणला तर?" खरं सांगते, मी लगेच उत्तर दिलं नाही. दोन सेकंद थांबले. त्या दोन सेकंदांची मला लाज वाटते. मुलगी सतरा वर्षांची आहे, शेजारच्या खोलीत होती, आणि तिला ते दोन सेकंद ऐकू गेले असणार. आपल्याकडे १८८६ साली आनंदीबाई जोशी अमेरिकेत एम.डी. झाल्या तेव्हा त्यांचे यजमान गोपाळराव पोस्टात कारकून होते. तो संसार काही आदर्श नव्हता, गोपाळरावांचा जाचही होता. पण डॉक्टर बायको आणि कारकून नवरा ही जोडी मराठी माणसाने १८८६ साली पाहिलेली आहे. आज आपल्या फॉर्मवर ती जोडी जुळणार नाही. फिल्टर आडवा येईल!

तर मागणं काय? फार नाही. पहिलं म्हणजे येत्या मेळाव्याच्या फॉर्ममधून उत्पन्नाचा रकाना काढावा. ज्यांना पुढे बोलायचं आहे ते एकमेकांना विचारतीलच, त्यासाठी मंडळाने दलाली करू नये. शिक्षणाचा रकाना राहू द्या, पण त्यावर गाळणी नको. यादी सगळ्यांनी सगळी वाचावी. साठ-सत्तर नावं वाचायला चहाचे दोन कप पुरतात. दुसरं, स्मरणिकेत दरवर्षी 'अभिमानास्पद' पान असतं, त्यावर डॉक्टर-इंजिनिअर-बॅरिस्टरांबरोबर दहा-पंधरा वर्षं नर्सरीत, केअर होममधे, बसवर, किचनमधे काम करणाऱ्या आपल्या माणसांचेही फोटो यावेत. तिसरं, नर्सरीच्या फीवर पुढच्या वेळी ग्रुपवर भांडाल तेव्हा तिथल्या मुलींच्या पगाराचाही प्रश्न विचारा, आणि आपल्या भागातल्या खासदाराला पत्र लिहाल तेव्हा जोडीदाराच्या व्हिसाच्या उत्पन्नाच्या अटीवरही दोन ओळी लिहा.

याने इंग्लंडचा गिनी निर्देशांक हलेल का? छे! तेवढा भोळसटपणा माझ्यात नाही. तो पगारांनी आणि करांनी हलतो. पण पगारांबद्दल आणि करांबद्दल आपण काय बोलतो, हे आपल्या पंगतीत कोण बसतं यावर ठरतं. आणि पंगत आपल्या हातात आहे.

ती एक्सेल शीट अजून माझ्या लॅपटॉपवर आहे. फिल्टर मी काढून टाकले आहेत. समितीला सांगितलं नव्हतं, म्हणून इथे छापूनच सांगते. पटलं असेल तर येत्या वार्षिक सभेत हात वर करा. नसेल पटलं तर चहाच्या टेबलाशी भांडायला या, मी तिथेच असेन, प्रोजेक्टरची वायर शोधत.